लिनक्सवर चालणारी मॉड्यूल्स विंडोज आणि मॅकओएसवर लिंकच होत नाहीत : शेअर्ड लायब्ररीची बांधणी नेमकी कशी करावी?

ध्वनिशोधक (धागाकर्ता)

नमस्कार. ध्वनिमुद्रित फाइलींचे विश्लेषण करणारा, सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे. मूळ प्रोग्रॅम अगदी लहान आहे आणि खरे काम त्याची मॉड्यूल्स करतात. प्रत्येक फाइल-प्रकारासाठी एक शेअर्ड लायब्ररी (वेगळ्या फाइलीत ठेवलेला, प्रोग्रॅम चालताना जोडला जाणारा कोड), ती प्रोग्रॅम सुरू झाल्यावर 'डीएलओपन'ने उघडायची, तिच्यातले ठरलेल्या नावाचे फंक्शन 'डीएलसिम'ने शोधायचे आणि त्याच्याकडे काम सोपवायचे, अशी साधी रचना आहे. आज अशी २६ मॉड्यूल्स आहेत. लॉगमध्ये ओळ लिहिणे, बफर मागणे, सेटिंग वाचणे या गोष्टींसाठी ही मॉड्यूल्स मूळ प्रोग्रॅममधली फंक्शन्स थेट वापरतात.

आता हा प्रोग्रॅम विंडोज आणि मॅकओएसवर न्यायचा आहे. कोड कंपाइल करताना फारशी अडचण आली नाही. 'डीएलओपन'च्या जागी 'लोडलायब्ररी' आणि 'डीएलसिम'च्या जागी 'गेटप्रॉकअ‍ॅड्रेस' वापरणारी पन्नासेक ओळींची एक फाइल लिहिली, तेव्हा अवघड भाग मागे पडला असे मला वाटले होते. परंतु विंडोजच्या लिंकरने (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या साधनाने) पहिल्याच मॉड्यूलला १९ 'अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल सिम्बॉल', म्हणजे व्याख्या न सापडलेली नावे, दाखवून थांबवले, आणि मॅकवरही 'अनडिफाइन्ड सिम्बॉल्स' म्हणून तीच यादी समोर आली. ही सगळी फंक्शन्स मूळ प्रोग्रॅममध्ये आहेत. तोच कोड लिनक्सवर साधा इशाराही न देता लिंक होतो. हा फरक का पडतो, आणि २६ मॉड्यूल्सना कमीत कमी हात लावून यातून मार्ग कसा काढावा, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

दुवाजोड

तुमच्या प्रश्नाचा पूर्वार्ध आधी घेतो, कारण तो नीट उलगडला की उत्तरार्धाचे उत्तर बरेचसे त्यातूनच निघते.

लिनक्सच्या ईएलएफ या फाइल-रचनेत शेअर्ड लायब्ररी बांधताना लिंकर एक गोष्ट गृहीत धरतो. एखाद्या सिम्बॉलची व्याख्या या लायब्ररीत नसेल, तर ती प्रोग्रॅम चालवताना कोठून तरी मिळेल, असे मानून तो ते नाव तसेच कोरे सोडतो. पुढे लोडर (प्रोग्रॅम आणि लायब्ररी स्मृतीत आणणारा भाग) ते नाव घेऊन आधी मूळ प्रोग्रॅममध्ये आणि मग बरोबर लोड झालेल्या लायब्ररींमध्ये क्रमाने शोधतो, आणि जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे जोडून देतो. तुमचा मूळ प्रोग्रॅम 'आरडायनॅमिक' या पर्यायाने बांधलेला असणार; त्या पर्यायामुळेच एक्झिक्युटेबलमधली फंक्शन्स मॉड्यूल्सना दिसतात. कोणते नाव कोणाकडून यायचे आहे, ही माहिती मॉड्यूलमध्ये कोठेही लिहिलेली नसते.

विंडोजच्या पीई रचनेत अशी कोरी जागा ठेवताच येत नाही. डीएलएलच्या, म्हणजे विंडोजवरील शेअर्ड लायब्ररीच्या, आयात-तक्त्यात प्रत्येक नावासोबत ते कोणत्या फाइलमधून घ्यायचे हेही लिहावे लागते, आणि ते लिहिण्यासाठी लिंक करतानाच त्या फाइलची इम्पोर्ट लायब्ररी (ती फाइल कोणती नावे पुरवते हे सांगणारी) लिंकरच्या हाती असावी लागते. म्हणजे तुमचे मॉड्यूल 'लॉग लिहिणारे फंक्शन हवे' एवढेच सांगत आहे आणि विंडोजचा लिंकर 'कोणाचे?' असे विचारतो आहे. मॅकओएसची मॅक-ओ रचना या दोघांच्या मधली आहे. तिथे २००१ साली आलेल्या १०.१ या आवृत्तीपासून दोन पातळ्यांची नामव्यवस्था आहे, म्हणून नावाबरोबर लायब्ररीचीही नोंद होते. मात्र 'डायनॅमिक लुकअप' हा पर्याय दिल्यास लिंकर लिनक्ससारखी मोकळीक देतो.

मार्ग तीन आहेत. पहिला, मूळ एक्झिक्युटेबलचीच इम्पोर्ट लायब्ररी तयार करून मॉड्यूल्स तिच्याशी लिंक करणे. विंडोजवर एक्झिक्युटेबललाही निर्यात करता येते आणि तसे केल्यास लिंकर तिची इम्पोर्ट लायब्ररी बनवून देतो. मॅकवर हेच काम 'बंडल लोडर' हा पर्याय करतो. दुसरा, मॉड्यूल्सना लागणारी फंक्शन्स मूळ प्रोग्रॅममधून काढून एका वेगळ्या गाभा-लायब्ररीत ठेवणे आणि प्रोग्रॅम व मॉड्यूल्स दोघांनीही तिच्याशी लिंक करणे. तिसरा, मॉड्यूल सुरू करताना त्याच्या हाती फंक्शन-पॉइंटरांचा एक तक्ता देणे, म्हणजे मॉड्यूलला बाहेरचे एकही नाव लागणार नाही.

माझा कल तिसऱ्या मार्गाकडे आहे. तक्त्याच्या पहिल्या रकान्यात आवृत्ती-क्रमांक आणि तक्त्याचा आकार ठेवला की जुनी मॉड्यूल्स नव्या प्रोग्रॅमबरोबर चालतील की नाही हे पहिल्या ओळीतच तपासता येते.

बांधकामी

दुवाजोड यांचे विवेचन अचूक आहे, परंतु शिफारशीबाबत माझे मत वेगळे आहे. नवी रचना करायची असती तर फंक्शन-तक्ता मीही सुचवला असता. येथे २६ मॉड्यूल्स लिहून झालेली आहेत आणि प्रत्येकात शेकडो ठिकाणी थेट हाका मारलेल्या असणार. त्या सगळ्या हाका तक्त्यातून फिरवायच्या म्हणजे चालत्या कोडला हात लावणे आले, आणि पोर्टिंगच्या काळात तर्क आणि बांधणी दोन्ही एकदम बदलू नयेत, असे माझे ठाम मत आहे. काही बिघडले तर दोष कोणत्या बदलाचा, हे कळायला मार्गच उरत नाही.

पहिल्या मार्गात एक खोच आहे, ती अनुभवाने कळली म्हणून सांगतो. विंडोजवर मॉड्यूल एक्झिक्युटेबलशी लिंक केले की त्याच्या आयात-तक्त्यात त्या एक्झिक्युटेबलच्या फाइलचे नाव जसेच्या तसे बसते. आमच्याकडे चाचणीसाठी एक्झिक्युटेबलची प्रत वेगळ्या नावाने ठेवण्याची पद्धत होती. त्या प्रतीने मॉड्यूल उघडायला घेतले की लोडर जुन्या नावाची फाइल शोधत बसे, ती मिळत नसे, आणि मॉड्यूल लोड होत नसे. शिवाय पुढे तुम्हाला कमांड-लाइन आणि खिडकीवाली अशा दोन आवृत्त्या द्यायच्या झाल्या, तर एकच मॉड्यूल दोन्हींत चालणार नाही. मॅकवरचा 'बंडल लोडर' मुख्य एक्झिक्युटेबल म्हणूनच नोंद करतो, त्यामुळे तिथे नावाची ही अडचण येत नाही.

म्हणून गाभा-लायब्ररीचा दुसरा मार्ग घ्यावा. मॉड्यूल्सच्या कोडमध्ये काहीच बदलावे लागणार नाही. बदल होईल तो एका हेडर-फाइलमध्ये आणि बांधणीच्या सूचनांमध्ये. हेडरमध्ये एक मॅक्रो (कंपाइल होताना ठरलेल्या मजकुराने बदलला जाणारा शब्द) ठेवा. विंडोजवर गाभा-लायब्ररी स्वतः कंपाइल होत असताना त्याचा अर्थ 'डीएलएल-एक्स्पोर्ट' असावा, मॉड्यूल किंवा प्रोग्रॅम कंपाइल होत असताना 'डीएलएल-इम्पोर्ट' असावा, आणि इतरत्र तो 'दृश्यता : डिफॉल्ट', म्हणजे नाव बाहेर दिसू द्यावे, असे सांगणारा असावा. गाभ्यातल्या प्रत्येक सार्वजनिक फंक्शनच्या घोषणेआधी हा मॅक्रो लावायचा. हा मॅक्रो लावताना बाहेरच्यांना खरोखर काय हवे आहे याची प्रथमच मोजदाद होते, आणि तेवढ्यासाठीसुद्धा हे काम करण्यासारखे आहे.

दुवाजोड

चालता कोड न बदलण्याचा मुद्दा मला पटला. माझी शिफारस मागे घेतो. मात्र गाभा-लायब्ररी करताना तिची स्टॅटिक प्रत (लिंक करतानाच फाइलीच्या पोटात उतरणारी) कोठेही शिल्लक राहू देऊ नका. यावर पुढे कोणीतरी लिहीलच.

शून्यपत्ता

दुवाजोड यांनी सूचित केलेल्या मुद्द्यावर लिहितो, कारण त्यात माझे सलग चार दिवस गेले होते.

आमच्या प्रोग्रॅममध्ये सेटिंग साठवणारा भाग स्टॅटिक लायब्ररी म्हणून होता आणि सोय म्हणून तो मूळ प्रोग्रॅममध्येही लिंक केला होता आणि मॉड्यूल्समध्येही. लिनक्सवर ते बिनबोभाट चालत असे. विंडोजवर नेल्यावर विचित्र लक्षण दिसू लागले : मूळ प्रोग्रॅमने सेटिंगची फाइल वाचली, मूल्ये नीट भरली गेली, आणि तरीही मॉड्यूलला प्रत्येक सेटिंग रिकामे दिसत होते. डीबगरमध्ये त्या ग्लोबल व्हेरिएबलचा पत्ता दोन्ही बाजूंनी छापून पाहिला तेव्हा दोन निरनिराळे पत्ते आले. एकाच नावाची दोन व्हेरिएबल्स स्मृतीत होती, प्रोग्रॅम एकात लिहीत होता आणि मॉड्यूल दुसरे वाचत होते.

लिनक्सवरही प्रती दोनच होत्या. परंतु तिथे लोडर नावाने शोधतो आणि पहिली सापडलेली व्याख्या सगळ्यांना देतो, त्यामुळे मॉड्यूलमधली प्रत पडून राहत होती आणि सगळे एक्झिक्युटेबलमधल्या प्रतीवर काम करत होते. आम्ही ज्याला योग्य रचना समजत होतो ती लोडरच्या या नियमामुळे तगून राहिली होती. उपाय तोच, जो बांधकामी यांनी सांगितला आहे : ज्या भागात स्थिती साठवली जाते तो भाग एकाच शेअर्ड लायब्ररीत असावा आणि इतर सर्वांनी त्याच्याशी डायनॅमिक पद्धतीने लिंक करावे.

ध्वनिशोधक

सर्वांचे मनापासून आभार. गाभा-लायब्ररी वेगळी काढली. ७२ फंक्शन्सना मॅक्रो लागला. मॉड्यूल्स प्रत्यक्षात केवळ ४१ वापरत होती, म्हणून उरलेली पुन्हा आत घेतली. मॅकवर सगळे लिंक झाले. विंडोजवर दोन अडचणी उरल्या आहेत.

पहिली, गाभ्यातील 'चालू लॉग-पातळी' हे ग्लोबल व्हेरिएबल काही मॉड्यूल्स थेट वाचतात. फंक्शन्स सापडतात, हे व्हेरिएबल मात्र सापडत नाही. दुसरी, एक मॉड्यूल वाचलेला मजकूर 'मॅलॉक'ने घेतलेल्या जागेत भरून प्रोग्रॅमला देते आणि प्रोग्रॅम काम झाल्यावर ती जागा 'फ्री' करतो. नेमके तिथेच हीप ('मॅलॉक' जिथून जागा देते तो स्मृतीचा भाग) बिघडल्याचा संदेश येऊन प्रोग्रॅम बंद पडतो, आणि तोही माझ्याच संगणकावर, सहकाऱ्याकडे चालतो.

बांधकामी

व्हेरिएबलचे आधी पाहू. विंडोजवर फंक्शनच्या घोषणेवर 'डीएलएल-इम्पोर्ट' नसले तरी लिंकर मध्ये एक छोटी उडी घालून काम भागवतो. व्हेरिएबलसाठी अशी उडी घालता येत नाही, कारण तिथे कंपाइलरला पत्त्याच्या तक्त्यातून एक पायरी जास्त जाऊन मूल्य वाचावे लागते आणि हे त्याला कंपाइल करतानाच माहीत असावे लागते. तुमच्या त्या मॉड्यूल्समध्ये हेडर न घेता, हाताने 'एक्स्टर्न' लिहून घोषणा केलेली असणार. ती काढून हेडर घ्या. विंडोजसाठीच्या मिनजीडब्ल्यू या साधनसंचाचा लिंकर अशा ठिकाणी स्वतः दुरुस्ती करतो, परंतु त्यावर विसंबू नये, कारण तोच कोड मायक्रोसॉफ्टच्या लिंकरवर पुन्हा अडेल.

त्याहून बरे म्हणजे व्हेरिएबल निर्यातच करू नये आणि मूल्य देणारे एक फंक्शन द्यावे. याचा आणखी एक लाभ आहे. आयात केलेल्या व्हेरिएबलचा पत्ता लिंक करताना ठरलेला नसतो, म्हणून तो सी भाषेतील स्टॅटिक रचनेच्या आरंभमूल्यात घालता येत नाही. मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर 'आरंभमूल्य स्थिर नाही' म्हणून थांबतो. पायथनची सी-मॉड्यूल्स लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असेल. तिथे नव्या प्रकाराच्या रचनेत मूळ प्रकाराचा पत्ता थेट न लिहिता शून्य ठेवतात आणि 'पायटाइप रेडी' हे फंक्शन तो पुढे भरते, त्याचे कारण हेच आहे.

शून्यपत्ता

दुसऱ्या अडचणीत 'माझ्याच संगणकावर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तुम्ही ते एक मॉड्यूल तपासण्यासाठी डीबग बिल्डमध्ये बांधलेले आहे आणि मूळ प्रोग्रॅम रिलीज बिल्डमध्ये आहे, असे असण्याची दाट शक्यता वाटते.

विंडोजवर सी रनटाइम ('मॅलॉक', 'फ्री' यांसारखी फंक्शन्स पुरवणारी लायब्ररी) ही सर्वांची मिळून एकच असेल अशी खात्री नसते. डीबग रनटाइम वेगळी, रिलीज रनटाइम वेगळी, आणि स्टॅटिक रनटाइम निवडली तर प्रत्येक डीएलएलच्या पोटात तिची स्वतंत्र प्रत असते. डीबग रनटाइममधील 'मॅलॉक' प्रत्येक तुकड्याच्या आधी स्वतःची काही नोंद ठेवते आणि त्या नोंदीच्या पुढचा पत्ता तुम्हाला देते. रिलीज रनटाइममधील 'फ्री'ला त्या नोंदीचा पत्ताच नसतो; ती मिळालेला पत्ता हीच तुकड्याची सुरुवात मानून हीपकडे देते, आणि हीप तो ओळखत नाही. एका प्रतीतून उघडलेली 'फाइल' पॉइंटरची फाइल दुसऱ्या प्रतीला वाचायला देणे हेही याच कारणाने धोक्याचे ठरते. लिनक्सवर एका प्रक्रियेत सहसा एकच सी लायब्ररी असते, म्हणून ही सवय तिथे कधीच आडवी येत नाही.

सर्व भाग एकाच प्रकारच्या डायनॅमिक रनटाइमने बांधले तर आजची अडचण सुटेल. तरीही करार म्हणून असे ठरवा की ज्याने जागा घेतली त्यानेच ती परत करायची. मॉड्यूलने मजकूर दिला तर तो मोकळा करणारे फंक्शनही मॉड्यूलनेच द्यावे, किंवा दोघांनीही गाभ्यातील जागा देणारी व घेणारी फंक्शन्स वापरावीत. तुमच्याकडे 'बफर मागणे' हे फंक्शन आधीच आहे, त्यामुळे दुसरा पर्याय सोपा पडेल.

ध्वनिशोधक

अंदाज तंतोतंत खरा निघाला. ते मॉड्यूल डीबगमध्येच होते. आता ते गाभ्याचा बफर वापरते आणि दोन्ही प्रकारांत चालते.

स्थलांतरित

धागा आजच वाचला. एक उलटी बाजू नोंदवतो. वर सगळे लिनक्सवरून विंडोजवर जाण्याबद्दल आहे. आम्ही विंडोजवरून लिनक्सवर आलो आणि वेगळ्याच खड्ड्यात पडलो.

विंडोजवर निर्यात मागावी लागते आणि लिनक्सवर ती आपसूक होते. आमच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये 'तयारी' अशा अर्थाचे एक साधे अंतर्गत फंक्शन होते आणि त्याच नावाचे एक मूळ प्रोग्रॅममध्येही होते. विंडोजवर या दोघांची कधी गाठच पडली नाही. लिनक्सवर प्रोग्रॅमने मॉड्यूल उघडले, मॉड्यूलने स्वतःचे समजून ते फंक्शन बोलावले, आणि चालले मूळ प्रोग्रॅमचे. लॉगमध्ये प्रोग्रॅमच्या तयारीची ओळ दुसऱ्यांदा उमटलेली दिसली, त्याआधारे आम्ही शोध घेऊ शकलो. 'एनएम' या साधनाने मॉड्यूलमधली डायनॅमिक सिम्बॉल्स काढली, तर जिथे एक नाव असायला हवे होते तिथे ३४० नावे बाहेर उघडी पडलेली होती.

जीसीसी या कंपाइलरमध्ये ४.० या आवृत्तीपासून दृश्यता ठरवणारा पर्याय आहे. तो 'हिडन' ठेवून सगळे कंपाइल केले आणि ठरलेल्या एका प्रवेश-फंक्शनलाच 'डिफॉल्ट' खूण केली. यादी एका नावावर आली आणि ती गाठही सुटली. ज्यांच्या मॉड्यूल्समध्ये बाहेरच्या एखाद्या लायब्ररीची स्टॅटिक प्रत पोटात घेतलेली आहे, त्यांनी हे अवश्य करावे, पण तेवढ्यावर थांबू नये. ती प्रत आधीच वेगळी कंपाइल झालेली असल्याने तिची नावे अजूनही उघडी राहतात. त्यासाठी लिंकरला 'व्हर्जन स्क्रिप्ट' देऊन प्रवेश-फंक्शनाव्यतिरिक्त सर्व नावे स्थानिक करावीत.

दुवाजोड

फार महत्त्वाची नोंद. याला जोडून धागाकर्त्यांना एक सुचवतो. लिनक्सवरच्या बांधणीत लिंकरला 'झेड डेफ्स' हा पर्याय द्या. तो दिला की कोरे नाव राहिलेली शेअर्ड लायब्ररी लिनक्सवरही लिंक होत नाही. पूर्वी मॉड्यूल्स मूळ एक्झिक्युटेबलवर अवलंबून होती तेव्हा हे शक्य नव्हते. आता गाभा वेगळा झाल्याने शक्य आहे. विंडोजवर जे दोन दिवसांनी कळते ते लिनक्सवर लगेच कळेल. दृश्यता 'हिडन', कोरी नावे बंद आणि जागा घेणाऱ्यानेच ती परत करणे, हे तिन्ही नियम विंडोज आपल्यावर लादते. तेच सगळीकडे स्वखुशीने पाळले की बांधणीच्या फाइलींतले फाटे कमी होत जातात.

लिबटूल हे बांधणीचे साधन वापरणाऱ्यांसाठी : तिथे 'नो-अनडिफाइन्ड' असे स्पष्ट सांगितले नाही, तर विंडोजसाठी बांधताना तो एक इशारा देऊन केवळ स्टॅटिक लायब्ररी बनवतो आणि पुढे जातो. बांधणी यशस्वी दिसते, डीएलएल मात्र कोठेच नसते. सीमेक हे बांधणीचे साधन वापरत असाल तर गाभ्यासाठी 'शेअर्ड' आणि मॉड्यूल्ससाठी 'मॉड्यूल' असे दोन वेगळे प्रकार लिहा. लिनक्सवर दोन्हींची फाइल सारखीच होते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. मॅकवर पहिल्यातून 'डायलिब' आणि दुसऱ्यातून 'बंडल' तयार होते, आणि बंडलशी दुसरे काही लिंक करता येत नाही.

आणि 'डीएलओपन' वगैरे फंक्शन्स पुरवणाऱ्या 'डीएल' लायब्ररीचे नाव हाताने लिहू नका. ग्लिबसी या लिनक्सवरील नेहमीच्या सी लायब्ररीच्या २.३४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, ती फंक्शन्स मुख्य सी लायब्ररीतच आहेत, आणि बीएसडी घराण्यात ती आधीपासूनच तिथे होती. सीमेकमध्ये यासाठी तयार व्हेरिएबल आहे.

एआयएक्सवाला

कोणाला एआयएक्सवर (आयबीएमच्या युनिक्सवर) जायचे असेल तर लक्षात ठेवा की तिथे शेअर्ड ऑब्जेक्ट बहुधा 'डॉट ए' प्रत्यय असलेल्या संग्रह-फाइलीच्या आत असतो, आणि काय निर्यात करायचे याची यादी वेगळ्या फाइलीत द्यावी लागते. प्रत्यय पाहून ही स्टॅटिक लायब्ररी आहे असे ठरवणाऱ्या स्क्रिप्ट तिथे फसतात.

ध्वनिशोधक

'झेड डेफ्स' दिल्याबरोबर लिनक्सवर तीन मॉड्यूल्स अडली. तिन्ही गणिताच्या लायब्ररीतील फंक्शन्स वापरत होती आणि तिच्याशी लिंक केलेली नव्हती. मूळ प्रोग्रॅम ती लोड करत होता म्हणून आजवर निभावले. तिन्ही दुरुस्त केली.

आता अडचण फाइली सापडण्याची आहे. विंडोजवर एक मॉड्यूल लोड होताना १२६ हा त्रुटी-क्रमांक येतो, म्हणजे 'मॉड्यूल सापडले नाही'. फाइल तर त्या फोल्डरमध्ये समोर दिसते आहे. लिनक्सवर गाभा-लायब्ररी शेजारच्या फोल्डरात ठेवली आहे आणि 'ओरिजिन' (लोड होणाऱ्या फाइलीचा स्वतःचा फोल्डर) वापरून मार्ग दिला आहे, तरी ती सापडत नाही.

बांधकामी

१२६ हा क्रमांक तुम्ही मागितलेल्या फाइलीबद्दलच असतो असे नाही. त्या फाइलीला लागणारी दुसरी एखादी डीएलएल मिळाली नाही तरी हाच क्रमांक येतो, आणि कोणती ते संदेशात लिहिलेले नसते. 'डम्पबिन' या साधनाला 'डिपेंडंट्स' विचारून यादी काढा. बहुधा त्या मॉड्यूलच्या शेजारी ठेवलेली एखादी डीएलएल निघेल. विंडोज आधी एक्झिक्युटेबलच्या फोल्डरात शोधते. मॉड्यूलचा स्वतःचा फोल्डर त्या शोधात आपणहून येत नाही. मॉड्यूलचा पूर्ण मार्ग देऊन 'लोडलायब्ररी-ईएक्स' वापरा आणि 'डीएलएल-लोड-डिर' हा ध्वज 'डिफॉल्ट-डिर्स' या ध्वजासह द्या, म्हणजे त्याचा फोल्डरही पाहिला जाईल. क्रमांक १९३ आला असता तर ३२ आणि ६४ बिटांची सरमिसळ तपासायला सांगितली असती.

लिनक्सवर 'रीडएल्फ' या साधनाने डायनॅमिक विभाग छापा आणि मार्गाची ओळ शब्दशः वाचा. मेकफाइलमध्ये ('मेक' या साधनाला बांधणीच्या सूचना देणाऱ्या फाइलीत) डॉलर-चिन्ह एकदाच लिहिले असेल, तर मेक ते चिन्ह आणि त्यापुढचे पहिले अक्षर मिळून स्वतःचे व्हेरिएबल समजतो, ते रिकामे असते, आणि 'ओरिजिन'च्या सहा रोमन अक्षरांपैकी शेवटची पाचच फाइलीत उतरतात. डॉलर-चिन्ह दोनदा लिहा आणि शेलने ते खाऊ नये म्हणून सगळे एकेरी अवतरणात ठेवा.

ध्वनिशोधक

पाचच अक्षरे होती. स्क्रीनवर ती ओळ मी आधीही पाहिली होती आणि डोळ्यांनी गहाळ अक्षर भरून वाचले होते. विंडोजवरही शेजारचीच डीएलएल निघाली.

मॅकसाठी असे काही आहे का?

सफरचंदी

मॅकवर प्रत्येक डायलिब स्वतःचे 'इन्स्टॉल नेम' बाळगते आणि तिच्याशी लिंक करणारा ते नाव उतरवून घेतो. तुमच्या गाभा-लायब्ररीत बांधणीच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहिला गेला असेल, तर तुमच्या संगणकावर सगळे चालेल आणि दुसऱ्याच्या संगणकावर पहिल्याच ओळीत थांबेल. 'ओटूल'ने मॉड्यूलच्या आयाती छापून पाहा. नाव 'अ‍ॅट-आरपाथ' (शोधमार्गांच्या यादीकडे बोट दाखवणारा शब्द) याने सुरू होणारे ठेवा आणि एक्झिक्युटेबलमध्ये 'अ‍ॅट-लोडर-पाथ' (लोड करणाऱ्या फाइलीचा फोल्डर) यावरून मार्ग द्या.

हे नाव 'इन्स्टॉल नेम टूल'ने नंतर बदलत असाल तर एक काळजी घ्या. २०२० पासून आलेल्या अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर त्या चिपसाठी बांधलेला कोणताही कोड सहीविना चालत नाही, आणि फाइलीत बदल केला की आधीची सही बाद होते. म्हणून नाव आधी बदलावे आणि 'कोडसाइन'ने सही शेवटी करावी.

आणखी एक. मॅकओएस ११ पासून यंत्रणेच्या स्वतःच्या बहुतेक लायब्ररी डिस्कवर फाइल म्हणून नसतात. त्या एका सामायिक कॅशमध्ये असतात. तुमच्या पन्नास ओळींच्या फाइलीत 'डीएलओपन'च्या आधी फाइल अस्तित्वात आहे का हे तपासले असेल, तर यंत्रणेच्या लायब्ररींसाठी ती तपासणी काढून टाका. थेट उघडून पाहावे आणि 'डीएलएरर' काय सांगते ते वाचावे.

ध्वनिशोधक

तपासणी खरोखरच होती, ती काढली. तिन्ही ठिकाणी २६ पैकी २५ मॉड्यूल्स लोड होतात आणि चाचण्या पार करतात. उरलेले एक मॉड्यूल तात्पुरती फाइल उघडते आणि मॉड्यूल बंद होताना, म्हणजे 'डीएलक्लोज' झाल्यावर चालणाऱ्या डिस्ट्रक्टरमध्ये, ती पुसते. हाताशी होते म्हणून मस्ल ही वेगळी सी लायब्ररी वापरणाऱ्या एका लिनक्स प्रणालीवरही बांधून पाहिले. तिथे प्रोग्रॅम चालू असेपर्यंत तात्पुरत्या फाइली साचतच जातात.

शून्यपत्ता

मस्लमध्ये 'डीएलक्लोज' मॉड्यूल स्मृतीतून काढतच नाही. त्याचे डिस्ट्रक्टर प्रोग्रॅम संपताना चालतात. हे त्यांनी जाणीवपूर्वक केलेले आहे आणि पॉसिक्स या मानकालाही ते चालते, कारण तिथे मॉड्यूल लगेच काढलेच पाहिजे असे बंधन नाही. विंडोजवर तर हे काम 'डीएलएल-मेन'मध्ये, म्हणजे डीएलएल लोड किंवा बंद होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, येईल, आणि तिथे लोडरचे कुलूप हाती असताना दुसरी लायब्ररी उघडणे किंवा दुसऱ्या थ्रेडची वाट पाहणे यांमुळे प्रोग्रॅम गोठू शकतो. लोड होण्याच्या आणि बंद होण्याच्या क्षणावर कोणतेही काम टांगू नका. प्रवेश-फंक्शनसारखेच आवराआवर करणारे दुसरे एक फंक्शन निर्यात करा आणि 'डीएलक्लोज'च्या आधी प्रोग्रॅमने ते स्वतः बोलवावे.

ध्वनिशोधक

तसे केले. प्रत्येक मॉड्यूलला आता दोन निर्यात नावे आहेत, आणि ज्यांना आवरण्यासारखे काही नाही त्यांनी दुसरे दिले नाही तरी चालते; ते न सापडल्यास प्रोग्रॅम पुढे जातो. 'एनएम', 'ओटूल' आणि 'डम्पबिन' यांच्या याद्या बांधणीच्या शेवटी काढून ठरलेल्या नावांशी ताडून पाहणारी एक छोटी स्क्रिप्टही जोडली आहे. आज सकाळी तिने लिनक्सवर एका मॉड्यूलमधून चुकून बाहेर आलेले तिसरे नाव पकडले.

मस्लवरच्या तात्पुरत्या फाइली आता राहत नाहीत. २६ वे मॉड्यूल चारही ठिकाणी चालते.